"वापर : नाही" या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
पुरातन वास्तू जतन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : सिनेगॉगच्या नोंदीतील "वापर : नाही" हा शेरा बदलण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दाराला चिकटवलेली.

महोदय,

अर्जदार पेशाने सुतार, आता निवृत्त, व सदर सिनेगॉगच्या सभासदांपैकी उरलेला एकमेव.

१. आपले निरीक्षक आले असता अर्जदाराने त्यांना सर्व दाखवले : मधला लाकडी चौथरा, जिथून धर्मग्रंथ वाचतात, रंगीत काचांच्या बारा खिडक्या, स्त्रियांचा वरचा सज्जा व त्याचे खांब, पैकी तिसरा अर्जदाराने स्वतः बदललेला. (निरीक्षकांना तो ओळखू आला नाही, याचा अर्जदारास आनंद आहे.) निघताना त्यांनी विचारले, "इथे प्रार्थना होते का?" अर्जदार म्हणाला, "नाही हो."

२. इथेच घोळ झाला. आम्हा ज्यू लोकांत दहा पुरुष जमल्याखेरीज सामुदायिक प्रार्थना होत नाही, ग्रंथाची गुंडाळी वाचायला कपाटातून काढत नाहीत. अर्जदार रोज सकाळ-संध्याकाळ येतो, एकट्याने म्हणता येते तेवढे म्हणतो. पण त्याला आम्ही प्रार्थना झाली असे म्हणत नाही, म्हणून खरे तेच सांगितले. निरीक्षकांनी तसे लिहून घेतले. अर्जदाराने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

३. आता या शेऱ्यामुळे एक तारखेपासून आपले कुलूप लागणार. प्रवेश दहा ते पाच, तिकिटाने. साप्ताहिक सुट्टी शनिवारी. साहेब, शनिवार हाच आमचा मुख्य वार.

४. अर्जदाराने आपल्याकडे सहा खेपा घातल्या. लिपिक बाई भल्या आहेत. त्यांनी दहा उपासकांच्या सह्या मागितल्या, नाहीत म्हणताच, "मग आमच्यातले नऊ जण देते की! फोटो काढून लावून टाकू," म्हणाल्या. शिपायाने लगेच केससुद्धा विंचरले. अर्जदाराला आधी हसू आले, मग गलबलून आले. सिनेगॉगच्या बाकांवर एवढी माणसे बसून किती वर्षे लोटली! परंतु खोटेच सांगायचे असते, तर निरीक्षकांनाच "हो" म्हटले असते.

अर्जदाराची पत्नी सज्ज्यात जाळीमागे बसायची. खालून तिचा खोकला ओळखू यायचा. आता वरून काही ऐकू येत नाही, फार एकटे वाटते. हे अर्जात लिहिण्याजोगे नाही, तरी दुसरे कुणाला लिहावे ते सुचत नाही.

सबब विनंती की, शेरा खोडून "वापर : एक व्यक्ती" असे लिहावे व दार अर्जदाराच्या हाती राहू द्यावे. ही नोंद कायमची नको. ज्या शनिवारी सकाळी दार बंद दिसेल, त्या दिवशी आपला जुना शेरा खुशाल परत लिहावा. अर्जदाराला तसे कळवायला येता येणार नाही, आणि घरी दुसरे कोणी नाही.

आपला कृपाभिलाषी,
सही (सुतार, निवृत्त)

दिनांक : शुक्रवार, दुपार. (उद्या आमच्यात लिहीत नाहीत.)
सोबत : सज्ज्याचा हाती काढलेला नकाशा.