प्लायवूडच्या दुकानी रुजू न होण्याबाबत

ती. भावोजींस,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. हे पत्र उघडण्यापूर्वी तुमचं ब्लडप्रेशर किती होतं ते कळवावं (नंतरचं ताई कळवेलच). तिचा गुडघा आता बरा असेल. मी सुखरूप आहे, वजन वाढलंय, पण फक्त गालांवर, त्यामुळे चालतं.

एक तारखेपासून तुमच्या प्लायवूडच्या दुकानात काउंटरवर बसायचं मी कबूल केलं होतं. "सत्तावीस सिनेमे झाले, आता माणसात ये," असं तुम्ही म्हणालात आणि मला ते पटलंही होतं. सत्तावीसपैकी चोवीस सिनेमांत मी ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येतो, मास्क काढतो आणि मान हलवतो. संवाद नाही. (दोन ठिकाणी 'सॉरी' होतं, तेही कापलं.) याचा ताप घरबसल्या कळायचा नाही. मध्यंतरी शेजारच्या शिवणवाल्या काकूंच्या यजमानांचा मुतखडा काढला, म्हणून भेटायला गेलो. नर्सनं विचारलं, चहा घेणार का? मी नको म्हणून मान हलवली, तर समोर बसलेल्या काकूंनी हंबरडाच फोडला. यजमान आत मजेत पेपर वाचत पडले होते.

त्याच आठवड्यात मी मेकअपची पेटी बांधून माळ्यावर टाकली, आणि नेमकं तेव्हाच ते सुरू झालं. इंटरनेटवर हौशी प्रेक्षकांचा एक अड्डा आहे. तिथे लोक मनातल्या मनात सिनेमे काढतात, कुणाला कुठली भूमिका द्यायची ते ठरवतात, वर पोस्टरही करतात. तिथल्या 'पहिल्या रांगेतला' अशा टोपणनावाच्या भल्या माणसानं चक्क मला घेऊन सिनेमा काढला: 'कप्तानाला पोहता येत नाही'. मी कप्तान, म्हणजे नायक, आणि भलेभले नट माझ्या हाताखाली खलाशी. लोकांना तो खराच वाटला. न्हावी मला न विचारता दाढी कप्तानी कोरू लागला. इस्त्रीवाल्याच्या बायकोनं तो दोनदा पाहिला म्हणे, दोन्ही वेळा रडली. आणि एका दीडशहाण्यानं तर मध्यंतरानंतर माझा अभिनय ढेपाळतो असं लिहिलं. भावोजी, मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी मी त्याला सविस्तर कळवलं, की मध्यंतरानंतर कप्तानाला ताप असतो, म्हणून तो हळू बोलतो.

पोस्टर बघून एका खऱ्याखुऱ्या दिग्दर्शिकेचा फोन आला. मी गेलो तो अंगात कप्तान संचारलेलाच. ऑफिस म्हणजे एक खोली, तीन खुर्च्या, त्यातल्या दोहोंवर विग ठेवलेले. बाई म्हणाल्या, सिनेमा बोटीवरचाच आहे आणि त्यात तुम्ही डॉक्टर. मी उठलो आणि नको म्हणून मान हलवली. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी. "हीच मान मला हवी होती," म्हणाल्या. झालं, भूमिका पक्की. मग नीट ऐकलं तर सात प्रसंग आहेत, संवाद आहेत, आणि कप्तान मेल्यावर बोट किनाऱ्याला डॉक्टरच लावतो. मी मटकन खाली बसलो, तो विगवरच.

शूटिंग एक तारखेला सुरू होतंय. दुकानाचीही तीच तारीख. तुम्हाला शब्द दिलाय, म्हणून बाईंना अजून होकार दिलेला नाही. मला हे काम हवंय भावोजी, फार हवंय. पण तुम्ही नाही म्हणालात तर मुकाट्यानं येऊन काउंटरवर बसेन.

अजून कुठेच रुजू न झालेला,
तुमचा मेहुणा

ता. क. 'पहिल्या रांगेतला'ची आतापर्यंत अकरा पोस्टरं झाली. सगळ्यांत माझा एकच फोटो आहे, तुमच्या दुकानाच्या उद्घाटनाचा. शेजारचा माणूस कापलाय, पण माझ्या खांद्यावरचा त्याचा हात राहून गेलाय. उजव्या मनगटावर घड्याळ बांधणारा माणूस आपल्या नात्यात एकच आहे. अकराव्या पोस्टरात तुम्ही त्या हातावर फांदी चिकटवलीत, ती तुमच्या सागवानी प्लायच्या कॅटलॉगातली.

ता. क. दुसरा. ताईला सांगत नाही. तिला वाटतं तुम्ही दुपारभर माल लावता. फक्त एवढं करा. 'दुकानात पाऊल ठेवलंस तर तंगडं मोडीन,' अशी एक ओळ तुमच्या नावानं, तुमच्या अक्षरात लिहून पाठवा. पोस्टर चालणार नाही.