उजवी पाकळी

सोलापूर
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. गोदावरीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे तिला छळतात आणि ती मला, म्हणजे सगळं रोजच्यासारखंच. आमच्या अथर्वची पुण्यातली नोकरी नीट चालू आहे. टेंभुर्णीत थंडी पडली असेल. पहाटे उघड्या डोक्यानं अंगणात फिरू नकोस. सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. वहिनीनं शेंगाची चटणी कुटली आहे, ती पार्सलनं वेगळी येईल.

दर रविवारी फोन होतो, मग दादाला हे पत्र कुठलं सुचलं, म्हणून हसशील. पण फोनवर तू "दादा" म्हणालीस की माझी जीभ उचलत नाही. गेले तीन रविवार तू विचारते आहेस, "कौल लावला का?" मी कधी गर्दीचं कारण दिलं, कधी फुलं शिळी होती म्हणालो. सगळं खोटं. आपल्या देवळात हल्ली गर्दी कुठली? अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत पाळी सुरू व्हायच्या आधी दोन-चार कामगार सायकल टेकवून कौल मागून जातात, तेवढेच.

तुझ्या निवेदितानं नर्स म्हणून जर्मनीला जावं की नाही, हे देवीला विचारायचं. एवढंच काम तू सांगितलंस. वर म्हणालीस, "देवी सांगंल तसं, दादा. तिनं माझं कवा वाईट केलंय व्हय? मला नर्सिंगला जाऊ दिलं न्हाय, तीबी कायतरी बगूनच की." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

कौल कसा लावतात हे तू लहानपणापासून पाहिलंस. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तू पाहिलं नाहीस ते एवढंच, की जी पाकळी पडायला नको असते तिच्याखाली मी गुळाचं पाणी लावतो. बाबांनीच शिकवलं. म्हणाले होते, "लोकं भ्यालेली असत्यात, वेण्या. त्यांना कुणीतरी ठरवून द्यायला पायजे."

मग मी ठरवून देत आलो. टॉवेलच्या मागावर काम करणारा गुरुशांत छातीत दुखत असूनही डॉक्टरकडे जाईना. त्याला मी हो दिला. वाचला. अजून अमावस्येला नारळ घेऊन येतो. अशी दहा नावं सांगून मी माझी समजूत घालत आलो. तुझं नाव आलं की मात्र समजूत पटत नाही.

१९८८. बाबा जाऊन वर्ष झालेलं. आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, तुझ्या वहिनीला दिवस गेलेले. आणि पुण्याहून तुझा कागद आला, नर्सिंगला जागा मिळाल्याचा. तू अठरा वर्षांची. कागद हातात घेऊन तू माझ्यापुढे बसलीस आणि म्हणालीस, दादा, कौल लाव.

आईचं अंथरूण कोण बदलणार, या एकाच विचारानं मी हबकलो होतो. तुझ्या भल्याचा विचार केला असं मी म्हणणार नाही. मी माझी सोय पाहिली. उजव्या पाकळीला गूळ लावला.

डावी पडली. तू पदरानं डोळे पुसलेस आणि आईची पेज ठेवायला आत गेलीस. परत आलीस तेव्हा देवीच्या उजव्या खांद्यावर मुंग्या चढत होत्या. "मुंग्या कशाच्या रं, दादा?" तू विचारलंस. मी म्हणालो, "प्रसादाच्या."

पुढची सात वर्षं तू आईचं केलंस.

आज सकाळी मी डाव्या पाकळीला गूळ लावला. निवेदिताला हो मिळावं, आणि माझ्या जिवाचीही थोडी सुटका व्हावी म्हणून. मागे सरकून बसलो. पाकळ्या पडायच्या आधीच डाव्या खांद्यावर एक मुंगी आली. तिच्यामागून दुसरी. झटकायला हात उचलवेना. फार दमलो आहे गं मी. इतकी वर्षं लोकांचं हो-नाही ठरवायचं, आणि मग त्यांच्या संसाराचं काय होतंय म्हणून घोर लावून घ्यायचा. रोज देवीपुढे बसतो, पण तिच्यावर सोडलं असं काहीच नाही.

उठलो. दोन्ही पाकळ्या काढल्या, देवीला पाण्यानं स्वच्छ न्हाऊ घातलं. तेवढ्यात गुरुशांत आला. त्याच्या पोरीच्या लग्नाचं विचारायचं होतं.

"कौल न्हाय आज?"

"आज नाही, उद्या नाही. बंद केला."

"मग आमी कुणाला इचारायचं, काका?"

"तिलाच विचार."

"ती बोलती व्हय?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही रे. मी तिला कधी बोलू दिलं नाही."

त्याला काही कळलं नसावं. तरी डोळे मिटून बराच वेळ बसला. मग नमस्कार करून, सायकल काढून कामावर गेला. काय ठरवलं, मला माहीत नाही. तो गेल्यावर मीही तिथंच हात जोडून बसलो. काय मागावं ते सुचेना. नुसता बसलो, आणि भीती वाटत होती तरी बरं वाटलं.

निवेदिताचं तुम्ही मायलेकी ठरवा. माझं मत जिभेवर आलं आहे, ते गिळतो आहे. पाठवलीस तरी आणि ठेवून घेतलीस तरी, मी दोघींसाठी दिवा लावीन.

एकच विनवतो. माझ्यावर हवी तेवढी चीड, पण देवळाकडे पाठ फिरवू नकोस. त्या दिवशी तुला नाही म्हणालो तो मी. देवीला तर तुझा प्रश्न ऐकूही दिला नव्हता. तो अजून तिच्यापुढे तसाच आहे.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोनजवळ बसेन. वाजला नाही तर तेही मला मान्य आहे. खाली "तुझा दादा" असं लिहायला गेलो आणि हात थांबला. ते आता तू म्हणायचं.

वेणीमाधव