मीटरचा लाल दिवा

आसेगाव. मंगळवार, भर मे.

डोकं अजून तापलेलंच आहे. दुपारी सगळ्यायचं जेवन उरकलं, भांडे घासले, अन् थंड खोलीत जरा आडवी झाली, तं आबानं, म्हंजे सासऱ्यानं, येऊन एसी बंद केला. म्हने, "मीटर पळून राह्यलं, सूनबाई."

त्यायचे पाहुने बसले की मीटर पळत नाही. मी निजली की पळते. काहून?

उठलीच मंग. एसी लावला अन् ओसरीत मीटरच्या लाल दिव्यापुढं जाऊन उभी राह्यली. आधी दिवा भराभर लुकलुकला, हे खरं आहे. पन खोली थंड झाली तसा मंदावला. म्हंजे वीज जाते ती तापलेली खोली थंड करतानी. अन् आबा घडीघडी बंद-चालू करून तेवढीच वीज पुन्हा पुन्हा जाळतेत. वरून नाव बचतीचं!

"आबा, या, तुमीच पाहा."

आले. डोळे बारीक करून पाह्यलं. लाल दिवा हळू, अगदी हळू लुकलुकून राह्यला होता.

"उन्हात दिवा बराबर दिसत नाही," म्हने, अन् आत जाऊन एसी बंद!

मी मांगंमांग आत गेली. एसी पुन्हा लावला. भिंतीवरच्या बटनाले त्यायचा हात पुरत नाही. रिमोट पिशवीत गुंडाळला अन् जवारीच्या पिठाच्या डब्यात खुपसला.

आता सारं घर रिमोट शोधून राह्यलं. शोधा म्हना. त्या डब्यात माह्याशिवाय कोनाचा हात आजवर गेला नाही.