एकाच ताईचे नऊ अर्ज

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, माझा गुडघा सोडून. पण त्याची चौकशी तू करू नयेस, कारण तू लगेच तेल पाठवशील. तुझ्या डोळ्यांचं कसं आहे? मागच्या पत्रात तुझ्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. (शेजारच्या शिक्षिकाबाई, हे पत्र तुम्हीच ताईला वाचून दाखवणार, त्याबद्दल उपकार आहेत. मात्र कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचावा.)

तर तुझ्या मोतीबिंदूचं. तारीख मिळाल्याशिवाय घर सोडणार नाही, असं तू बजावलंस. इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख फक्त वेबसाइटवरून मिळते. फॉर्म भरायचा, तुझा फोटो आणि डॉक्टरांचा रिपोर्ट अपलोड करायचा, आणि 'पाठवा' दाबायचं. मी म्हटलं, टपालखात्यात गावोगावची पाकिटं लावण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला पाठवणं कुणी शिकवू नये. आमची ही नुसती हसली.

पहिल्या झटक्यालाच फाईल मोठी आहे म्हणून परत. पाकीट मोठं झालं की कमी करायचं, एवढं मला कळतं. मी कात्री घेतली, रिपोर्टाच्या चारी बाजूंचे कोरे समास कापले आणि पुन्हा फोटो काढला. तरी मोठीच. मग रिपोर्ट दुमडून फोटो काढला, त्यात डावा डोळा गेला. (कागदावरचा, बाई. तिला घाबरवू नका.) शेवटी हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि फोटो लहान करून दिला. कसा केला, ते अजून सांगत नाही. तोवर फॉर्म कोरा करकरीत झाला होता, म्हणून तुझं नाव, गाव, वय सगळं पहिल्यापासून.

मग 'पाठवा' दाबलं. पडद्यावर एक चक्र गरगर फिरलं, थांबलं, आणि पुन्हा कोरा फॉर्म समोर. पोचपावती नाही. आमच्या खात्याची शिस्त तुला ठाऊक आहे, पोचपावती आली नाही तर पाकीट पोचलं नाही. रोज सकाळी अंघोळ करून एक, असे नऊ दिवसांत नऊ अर्ज मी पाठवले. पोचपावती दर वेळी येत होती म्हणे, पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी तिथवर उतरलोच नाही. (ही म्हणते, आता बहीणभावाचे डोळे एकदमच तपासून घ्या.)

दहाव्या दिवशी दवाखान्यातून नोंदणी करणाऱ्या मुलीचा फोन आला. "काका, तुमच्या नऊ बहिणींची जन्मतारीख एकच कशी?"

मी म्हटलं, "बहीण एकच आहे. आई गेल्यावर नऊ जणींचं काम तिनं एकटीनं केलं, एवढंच."

 मग यातला कोणता अर्ज ठेवू, असं तिनं हळूच विचारलं. मी शेवटचा सांगितला. तिनं बाकीचे आठ रद्द केले.

ताई, मी हे सहज बोललो, पण फोन ठेवल्यावर एक जुना अर्ज आठवला. माझा शाळेचा पहिला अर्ज तू भरला होतास. तू बारा वर्षांची, शाई सांडली म्हणून दोनदा लिहिलास, आणि पालकाच्या जागी तुझी वाकडीतिकडी सही. त्या एका अर्जाची फेड या नवांनी होत नाही, हे मला कळतं.

तारीख पुढच्या महिन्याच्या चौदाची, सकाळी नऊची. बाराला मी न्यायला येतो.

तुझा,
धाकटा

ता. क. फॉर्ममध्ये एक रकाना होता: ऑपरेशननंतर रुग्ण कुणाकडे राहणार आणि किती दिवस? पहिल्या अर्जात मी 'धाकट्या भावाकडे, आठ दिवस' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते फारच कमी वाटलं, म्हणून पंधरा केले. मग महिना, मग तीन महिने, असं वाढत गेलं. नवव्यात 'कायमची' लिहिलंय, आणि ठेवलाय तोच. खाली छापलंय की खोटी माहिती देणं गुन्हा आहे. हिने मागची खोली रिकामी केली, शिलाई मशीन आता माझ्या उशाशी आहे. तेव्हा चार कपडे घेऊन येऊ नकोस, सगळं सामान बांध.

ता. क. दुसरा. शिक्षिकाबाई, हे कंसात नाही, मोठ्यानं वाचावं. ताई काय म्हणाली ते लगेच कळवा. पोचपावती आली नाही, तर हेच पत्र मी रोज एक पाठवीन.