खरात मॅडमना परवानगी नाही

सोम. ५ फेब्रु.
हॉल तिकिटांचा कागद लहान, छपाई निघते मोठ्याच्या मापाने. सेटिंगमध्ये माप बदललं की झालं. पण खरात मॅडमनी बटण दाबलं की एकच उत्तर : तुम्हाला परवानगी नाही. मॅडम गेल्याच महिन्यात आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्क झाल्या. "मले काऊन नाही म्हन्ते हे?" परवानग्यांची यादी पाहिली. नाव आहे. मीच टाकलंय. शुक्रवारी तिकिटं वाटायची, पोरं खेड्यांवरून एसटीने येणार.

मंगळ. ६
मॅडमचं नाव काढलं, परत टाकलं. मशीन बंद, चालू. माझ्या टेबलावर माझ्या नावाने माप बदलतं. पण त्यांचा प्रिंटर त्यांच्याच मशीनला, आणि तिथे नाही म्हणजे नाही. डोकं भणाणलं. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "ऑपरेटर कशाला ठेवलीय मग?" माझी नेमणुकीची ऑर्डर मार्चपर्यंतच. फार झोंबलं. चूक माझी असेल तर सापडत का नाही?

बुध. ७
सापडली, आणि जास्तच गोंधळले. मॅडमना म्हटलं, पहिल्यापासून उघडा, मी मागे उभी राहते. त्यांनी नाव टाकलं : वानखडे. म्हणजे आधीचे हेडक्लार्क वानखडे काका, डिसेंबरात रिटायर झाले. त्यांचा अधिकार मीच काढला होता. मशीन बिचारं खरंच सांगत होतं!
"मॅडम, स्वतःचं नाव का नाही टाकत?"
"अठरा वर्सं त्याइच्याच नावानं काम केलं बाई. दर गुरुवारी येतात, खुर्चीत बसतात, स्क्रीनवर आपलं नाव पाह्यतात. कसं काढू? तूच देऊन टाक काकाले परवानगी."
एका मिनिटाचं काम. दिली नाही. राग आला, कुणाचा ते कळेना.

गुरु. ८
आज मॅडम माझ्याआधी हजर. स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड दोनदा चुकला. माप बदललं, पहिल्याच झटक्यात. तिकिटं निघाली तरी त्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या 'खरात'कडेच बघत होत्या.
साडेअकराला काका आले. नेहमीसारखे खुर्चीत बसले, चष्मा लावला, कोपरा वाचला. "हे कोनं बदललं?"
मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम दारात. हातात दोन कप चहा. "म्या."
काका उठले नाहीत. हे माझ्या टेबलावरून लिहितेय. चहावर साय धरली. मॅडम अजून उभ्याच आहेत.