मायक्रोवेव्ह कशाने तापतोय?

४ जानेवारी, रविवार

मायक्रोवेव्ह तापतोय. आतून तापला तर ठीक, त्यासाठीच आणलाय — पण हा बाहेरून तापतोय! भाजी घेऊन वर आले, त्याच्यावर ठेवलेली बिस्किटांची बरणी उचलायला गेले तर चटकाच बसला. सकाळपासून मी तो लावलासुद्धा नव्हता. विश्वनाथांना विचारलं. "चहा गरम केला असेल मी," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. एका कपाने एवढा?

६ जानेवारी, मंगळवार

आज परत तेच. ऑफिसातून आले तेव्हा पत्रा गरम.

मला भीती वाटतेय. हसतील म्हणून कोणाला सांगत नाही, इथे लिहिते. मे महिन्यात आमच्याच टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावर एसी पेटला होता. ती काळी पडलेली बाल्कनी अजून खालून दिसते. आम्ही आठव्यावर! तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. सकाळी मी मेट्रो पकडते ती संध्याकाळीच परत येते. विश्वनाथ रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात एकटे. त्यात ही थंडी, खिडक्या सगळ्या बंद. जेवून हे कुंभकर्णासारखे झोपणार आणि स्वयंपाकघरात काही पेटलं तर?

मग पदर खोचलाच. म्हणजे कुर्त्याच्या बाह्या सारल्या. मायक्रोवेव्ह भिंतीपासून पुढे ओढला. मागच्या जाळीत तेलकट धूळ साचली होती, ती जुन्या टूथब्रशने काढली. वरचा क्रोशाचा रुमाल उचलला. सासूबाईंच्या हातचा, पण त्याची झालर बाजूच्या हवेच्या फटींवर लोंबत होती. आपल्या लोकांना नवी वस्तू घरात आली की आधी तिला कपडे घालायची घाई! हीटर आणि हा एकाच बोर्डावर होते, तेही वेगळे केले.

विश्वनाथ दारात उभे राहून बघत होते. "अगं राहू दे ना. थंडीत होतं असं." थंडीत मशीन तापतं? जन्मभर फायलींवर 'विचाराधीन' लिहिलेला माणूस, दुसरं काय म्हणणार!

७ जानेवारी

गार! रुमालच होता तर. सुटले.

९ जानेवारी, शुक्रवार

कसली सुटतेय! आज बूटही न काढता आधी जाऊन हात लावला. तापलेला. आणि वास — जळका, जरासा ओव्यासारखा. आतल्या काचेच्या ताटलीवर मिठाचे खडे.

"काय गरम केलं होतंत?"

"भात."

भाताचं भांडं फ्रिजमध्ये जसंच्या तसं होतं. ते दाखवलं तर एकदम चिडले. "नीला, इंटरव्ह्यू घेतेयस का माझा?" हे चिडत नाहीत कधी. आग राहिली बाजूला, हे विसरायला तर लागले नाहीत? लावतात, निघून जातात, आणि आपण लावलं हेही आठवत नाही — असं तर नाही? आमच्या ऑफिसातल्या सुमित्राच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी नळ, मग गॅस.

उद्यापासून प्लग काढून वायर कपाटात ठेवेन म्हटलं, तर म्हणाले, "मग मी गार जेवू का?" प्लग तसाच ठेवला.

१० जानेवारी, शनिवार

मेकॅनिक आला. कपभर पाणी ठेवून चालवून पाहिलं. "पानी तो बिल्कुल ठीक गरम हो रहा है, आंटी." मागे हात धरला, पंख्याची हवा येत होती. मशीन धडधाकट! मग म्हणाला, "खाली तो नहीं चलाते? सूखी चीज़ भी मत रखना देर तक. गर्मी मशीन को ही लगती है." मी म्हटलं, रिकामा कोण चालवेल? आणि विश्वनाथांकडे पाहिलं. ते बाल्कनीच्या काचेतून धुकं बघत होते.

गुरुग्रामला रुचिताला फोन केला. माझी लेक म्हणजे सगळ्यावर एकच औषध. "आई यार, मी नवा ऑर्डर करते ना. इतकं टेन्शन का घेतेस? बाबा ठीक आहेत ना?"

"बाबांना काय धाड भरलीय!" मी म्हटलं.

विसरण्याचं तिला सांगितलं नाही. बोलले तर खरं होईल अशी भीती वाटली.

१२ जानेवारी, सोमवार

आज ऑफिसात काम शून्य. सारखा घरी फोन. जेवलात? काय करताय? लावला होता का? दुपारी फोन उचलेनात. एकदा, दोनदा, परत परत — नाही! डोळ्यांसमोर ती काळी बाल्कनी. शेवटी समोरच्या भाभींना फोन करून बेल वाजवायला लावली. "भाईसाहब तो ठीक हैं, बाथरूम में थे," त्या हसत म्हणाल्या. संध्याकाळी सगळ्या मजल्याला कळलं असणार.

फिरायला जाणंही बंद केलंय यांनी. धुकं आहे, हवा खराब आहे, तेही खरंच. सोफ्यावर बसून असतात. अर्धी पोळी पानात टाकतात. मी मात्र उठल्या-बसल्या त्या डब्याला हात लावून बघतेय. वेड लागायची पाळी माझी आहे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सापडलं!! चोर सापडला!

गुळाच्या पोळ्या करायच्या म्हणून अर्धी रजा टाकून आले. माझ्या किल्लीने दार उघडलं. स्वयंपाकघरातून घुर्र आवाज. पाहते तर विश्वनाथ ओट्याला टेकून उभे, एक हात छातीवर. आणि आत गोल गोल काय फिरतंय? ना चहा, ना भात — माझ्या जुन्या रुमालाची पुरचुंडी! आत खडे मीठ आणि ओवा.

"गॅस धरलाय छातीत," म्हणाले. अगदी शाळेत पकडलेल्या पोरासारखं तोंड करून. "आई द्यायची ना मिठाचा शेक, तसा घेतोय. तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

म्हणजे मी बाहेर पडले की पुरचुंडी आत. शेकून गार झाली की परत आत. दिवसभर! कोरडं मीठ कसलं तापतंय लवकर, म्हणून देर तक. मेकॅनिक बरोबर बोलला होता, मशीन जवळजवळ रिकामंच चाललं होतं.

मी हसत सुटले. हसता हसता खालीच बसले. डोंगर पोखरून उंदीर! आग नाही, बिघाड नाही, आणि मुख्य म्हणजे हे काही विसरलेले नाहीत. सगळं लक्षात ठेवून, व्यवस्थित लपवाछपवी करत होते. इतका आनंद मला त्यांच्या खोटेपणाचा कधी झाला नव्हता!

मग चांगलं खडसावलं त्यांना. पुरचुंडी तव्यावर तापवायची असते, एवढंही माहीत नाही? नवी बांधली, ओवा जास्त घातला, आणि संध्याकाळभर मीच शेकलं. छाती, डावा खांदा, पाठ. कपाळावर घाम आला त्यांच्या. शेक लागू पडला की घाम सुटतोच. "आता बरं वाटतंय," म्हणाले. पोळी नको म्हणाले, तिळगुळाचा एक तुकडा फक्त घेतला.

रुचिताला फोन करून सगळी गंमत सांगितली. "पुरचुंडी मतलब?" घ्या! समजावून सांगितलं. मग म्हणते, "आई, एकदा डॉक्टरला दाखव ना प्लीज."

"गॅससाठी कोणी डॉक्टरकडे जातं का गं? तुमच्या पिढीला सगळ्यालाच डॉक्टर लागतो."

किती दिवसांनी आज भीती नाही. शांत वाटतंय.

१५ जानेवारी

मायक्रोवेव्ह थंडगार. ऑफिसातून घरी एकदाही फोन केला नाही.

१७ जानेवारी, शनिवार

त्यांचे कपडे न्यायला घरी आलेय. रुचिता खाली गाडीत थांबलीय. काल सकाळी बाथरूमच्या दारात कोसळले. आयसीयूत आहेत, अजून शुद्धीवर नाहीत.

डॉक्टर म्हणाले, ये पहला अटैक नहीं है, एक अटैक दो-तीन दिन पहले आ चुका है. बुधवार के आसपास कुछ हुआ था?

बुधवारी मी शेकत होते. हे म्हणत होते, आता बरं वाटतंय.