“अहो” म्हटल्यावर कोण बोललं?

प्रिय आई,

रविवारी फोनवर बोलता बोलता तू आत वळून “अहो, गॅस बंद करा” म्हणालीस आणि आतून कुणीतरी “केला” म्हणालं. तू लगेच हवापाण्यावर घसरलीस. मला काय दूधखुळी समजतेस? फोनवर विचारलं तर तोही ऐकेल, म्हणून हे पत्र.

तुझं “अहो” मला नवं नाही. बाबा सोडून गेल्यावर दार वाजलं की तू रिकाम्या खोलीकडे बघून ओरडायचीस, “अहो, बघा बरं कोण आलंय!” दाराबाहेर ते भले थोरले बूट, आणि दोरीवर तुझ्या लाँड्रीतून कुणी न नेलेला शर्ट. बूट रोज जरा हलवायचे, मधूनच चिखलात बुडवून आणायचे, हे काम माझं. बाकीच्या मुली बाहुल्या सांभाळायच्या, मी नसलेला बाप सांभाळायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू! पण शाळेतून आल्यावर बूट दुसऱ्या कुणी हलवलेत का, हे आधी लांबूनच बघायचे, मगच दाराजवळ यायचे. ते तुला कधी सांगितलं नाही. तू दिवसभर इस्त्री करून आधीच दमलेली असायचीस.

म्हणून विचारते, हा कोण? शेजारच्या काकूंना फोन केला, तर म्हणे टीव्ही असेल. टीव्ही गॅस बंद करतो होय! त्याही तुला सामील दिसतात. लाँड्रीची मशीन दुरुस्त करणारा तो मेकॅनिक तर नाही ना? मागे लाँड्रीतला नळही त्यानेच फुकट बसवून दिला होता. फुकट कुणी काही करत नाही, हे तूच म्हणायचीस ना? त्याचं घर बघितलंस? त्याच्या माणसांना भेटलीस? कपाटाची किल्ली कुठे ठेवतेस?

रागावू नकोस गं. ऑफिसातल्या एकाने मला लग्नाचं विचारलंय. माणूस चांगला आहे, मला खूप आवडतो. मी त्याचा फोन तपासला, त्याच्या बहिणीला आडून आडून विचारलं. काहीच सापडत नाही, म्हणून तर जास्त संशय येतो. काल मी त्याच्या कोटाचे खिसे चाचपत असताना त्याने मला पाहिलं. चिडला नाही. कोट माझ्या हातात देऊन म्हणाला, नीट बघून घे, मग हो की नाही ते सांग. मला रडूच आलं. आई, एवढी वर्षं तू कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस. मग याला घरात घेताना तुझी भीती कुठे गेली? मला तेवढं शिकवायचं राहिलंय तुझं.

तुझीच,
फौजदार